ऊन फुकट आहे म्हणणाऱ्यांसाठी

आज ऑफिसात डबा खाताना जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. लांब होईल, वेळ असेल तर वाचा.

डब्यात गवार होती. मार्चमध्ये मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन वाळवून ठेवलेली, आज शेंगदाण्याचं कूट घालून हिने केलेली. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले वाळवलेली दिसतेय, मी म्हणलं हो, घरीच केली, छोटं मशीन घेतलंय. त्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "सोलापुरात राहून वाळवायचं मशीन? अहो बेचाळीस डिग्री ऊन फुकट आहे की ओ आपल्याकडं! दहा रुपयाच्या गवारीसाठी लाईटबिल भरताय होय." सगळे हसले. मी गप्प बसलो, आणि तेच मला घरी येईपर्यंत खात होतं.

आता सप्टेंबर चालूय. सांगा ना कुठंय ते बेचाळीस डिग्री? चार दिवस आभाळ गच्च आहे, टॉवेल वाळत नाही गच्चीवर. आणि मेमध्ये ऊन असतं तेव्हा आम्ही दोघंही दिवसभर कामावर, वर कबुतरं, रस्त्याची धूळ, संध्याकाळी वळीव आला तर पळत जाऊन गोळा करणार कोण? आपल्या आया करायच्या म्हणजे ते फुकट व्हायचं का? त्यांचा अख्खा दिवस गच्चीवर जायचा, तो कुणी मोजलाच नाही.

खरं सांगतो, मशीन आणलं तेव्हा मलाही वाटलं होतं की वाळवणं म्हणजे फक्त गरम करणं. पहिल्यांदा टोमॅटो केले, तीन किलो. चकत्या जाड कापल्या आणि लवकर व्हावं म्हणून डायरेक्ट सत्तर डिग्रीवर ठेवलं. पाच-सहा तासात वरून कडक झाले, हाताला एकदम कोरडे, खूश होऊन गरम गरमच बरणीत भरले आणि झाकण घट्ट लावलं. नवव्या दिवशी बरणी उघडली तर पांढरी बुरशी. सगळ्या बरणीला. तीन किलो टोमॅटो गेले, आणि मशीन माळ्यावर टाकायचं ठरवलं होतं मी.

त्या आठवड्यात आबा, म्हणजे माझे वडील, आले होते. आमचे आबा कासेगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर वीसेक सिझन राबलेत. त्यांनी त्यातली एक चकती उचलली, मधून फाडली आणि मला दाखवली. वरून सालपट झालेलं आणि आत ओलं, चिकट. म्हणाले, "आत पाणी कोंडलंय. तू भाजलंस, वाळवलं नाहीस." मग पहिला प्रश्न विचारला, वारा कुठनं लागतो याला?

बेदाण्याचं आपल्यातल्या किती जणांना माहितीय? पंढरपूरकडं जाता-येता शेडं सगळे बघतो. तिथं द्राक्ष उन्हात टाकत नाहीत. आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यातनं बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर जातो आणि पाणी बाहेर पडायला वाट होते. मग जाळ्यांवर थरावर थर पसरतात, वर छप्पर, बाजूनं नेट. सावली आणि खेळता वारा, असं दोन आठवडे. थेट ऊन लागलं की बेदाणा काळपट पडतो आणि भाव जातो. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. फुकट ऊन असलेल्या जिल्ह्यात माणसं लाखो रुपयाचं शेड उभं करतात ते येडी आहेत म्हणून का ओ साहेब?

पापड, कुरडया, सांडगी मिरची याला आपलं मेचं ऊनच पाहिजे, मान्य. पाच ट्रेमध्ये कुरडया बसत पण नाहीत.

पण टोमॅटोचं ऐका. आबांनी दुसऱ्यांदा समोर बसून करून घेतले. चकत्या पातळ, एकमेकीला चिकटू द्यायच्या नाहीत, टेंपरेचर सत्तावन्न, दर दोन तासाला ट्रे खालीवर. अकरा तास लागले. पूर्ण गार झाल्यावर बरणी पाऊण भरायची आणि आठवडाभर रोज हलवायची, काचेला आतून थेंब दिसला की परत मशीनमध्ये. तीन किलोचे दोनशे ग्रॅम पण भरले नाहीत, टोमॅटोत नुसतं पाणीच असतं. मशीन अडीचशे वॅटचं, अकरा तास म्हणजे पावणेतीन युनिट. बिल येतं, नाही म्हणत नाही. पण 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेलेले तेव्हा हेच सगळे मंडईत शिव्या घालत होते, आणि भाव पडल्यावर शेतकरी रस्त्याकडेला क्रेट रिकामे करतो तेव्हा फोटोखाली रडके इमोजी टाकणारे पण हेच. कुणी दोन किलो जास्तीचे घेऊन टिकवून ठेवले तर त्याला हसायचं, आणि कडक भाकरी मात्र पाहुण्यांना पाकीट भरून कौतुकानं द्यायची. ती का टिकते? त्यातलं पाणी घालवलेलं असतं म्हणूनच ना!

जाऊ दे. साहेब माणूस वाईट नाही, माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात बसले होते ते. त्यांना नसेल माहिती. मलाही कुठं होतं, माझा बाप आयुष्यभर तेच काम करत होता आणि मी कधी विचारलं नव्हतं, आबा तुम्ही तिथं नेमकं करता काय. ती बुरशीची बरणी नसती तर अजूनही विचारलं नसतं. त्या दिवशी चकती फाडून दाखवताना त्यांचे हात बघितले मी, जाळ्या उचलून उचलून बोटं वाकडी झालीत, आणि बोलत होते मात्र असे की शेडवरचा मुकादम परत उभा राहिलाय.

पोरगी पुण्यात होस्टेलला आहे, टोमॅटोची पूड आणि वाळलेली मेथी घेऊन जाते. आत्ता पण मेथीच लावलीय, पंचेचाळीसवर, जास्त दिलं की हिरवा रंग आणि वास दोन्ही जातं. घरभर वास सुटलाय. आबांचा आत्ताच फोन येऊन गेला, किती तास झाले विचारत होते. चार, म्हणलं. पानं फसवतात, देठ मोडून बघ, कट्कन आवाज आला तरच काढ म्हणाले. उठतो, बघतो.