ग्वाल्हेर पहिल्या यादीत का नव्हतं: त्या फॉरवर्डला उत्तर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय, की इंदूर-भोपाळवाल्यांनी दिल्लीत सेटिंग केली म्हणून केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीतून ग्वाल्हेर कटलं, मग दया येऊन घेतलं, आणि अख्ख्या शहरासाठी आलेले 1000 कोटी नुसते महाराज बाड्याच्या चौकावर उडवले. ग्वाल्हेरसाठी माझाही जीव तुटतो, पण यातलं बहुतेक सगळं चुकीचं आहे.

आधी सेटिंगचं बघू. जानेवारी 2016 ला 20 शहरांची पहिली यादी आली, त्यात जबलपूर 7 वं, इंदूर 11 वं आणि भोपाळ 20 वं, म्हणजे सगळ्यात शेवटचं. राजधानीची एवढी सेटिंग होती तर ती शेवटच्या नंबरवर कशी? आणि वजनच चालत असतं तर आपले खासदार नरेंद्रसिंह तोमर तेव्हा केंद्रात कॅबिनेट मंत्री होते, तरी आपण बाहेर. खुद्द पंतप्रधानांचं वाराणसी पहिल्या यादीत नव्हतं, ते 2014 ला जिथूनही निवडून आले होते ते वडोदराही नव्हतं. दोन्ही आली सप्टेंबर 2016 ला, 27 शहरांच्या यादीत, ग्वाल्हेर आणि उज्जैनच्या सोबतच.

मग ठरायचं कसं, तर दोन टप्प्यांत. कुठल्या राज्याला किती जागा हे सूत्रावर ठरलं, निम्मं वजन शहरी लोकसंख्येला आणि निम्मं राज्यातल्या नगरपालिका-नगरपरिषदांच्या संख्येला, त्यात मध्य प्रदेशला 7 मिळाल्या. त्या 7 मध्ये कोण हे राज्याने ठरवून नावं पाठवली, आणि राजकारणाला जागा असलीच तर ती इथे होती, पण इथे ग्वाल्हेर पास झालं होतं हे मेसेजवाले सांगतच नाहीत. पुढची स्पर्धा प्रस्तावाची. 100 पैकी 55 मार्क एका निवडलेल्या भागाच्या विकासाच्या प्लानला, 30 शहर म्हणून तुमची तयारी आणि दिशा काय त्याला, 15 सगळ्या शहराला लागू होईल अशा एखाद्या टेक्निकल सोयीला. प्लान करायला केंद्राने प्रत्येक शहराला 2 कोटी दिले होते. म्हणजे रस्ता खराब म्हणून नंबर गेला किंवा खराब म्हणून आधी मिळायला हवा होता, दोन्ही बोलणी फोल आहेत, तपासला गेला तो कागद.

दया वगैरे काही नाही. मागे राहिलेल्यांनी प्रस्ताव सुधारून परत द्यायचा हे नियमातच होतं. मधल्या काळात, मे 2016 ला, 13 शहरं आली ती ज्या राज्यांचं एकही शहर पहिल्या यादीत नव्हतं तिथली, आपल्या राज्याची तीन आधीच लागलेली होती म्हणून ग्वाल्हेरला त्यात उभंच राहता येत नव्हतं. सागर आणि सतनाला तर 2017 उजाडलं.

आता 1000 कोटी. केंद्राचे सरासरी वर्षाला 100 कोटी, पाच वर्षं, तेवढेच राज्य आणि महापालिकेने घालायचे, आणि तेही हप्त्याहप्त्याने. आणि ती एखादी टेक्निकल सोय सोडली तर हा पैसा अख्ख्या शहरासाठी नव्हताच! असलेली वस्ती न पाडता सुधारायची तर किमान 500 एकरांचा एक भाग निवडा आणि तिथे करा, अशी अट होती. म्हणून महाराज बाड्यावर टाऊन हॉलची दुरुस्ती झाली, दर्शनी भागांवर लाइटिंग लागलं, आणि मुरार-हजीऱ्यासारख्या शहराच्या दुसऱ्या भागांतल्या माणसाला वाटतं आमचं खाल्लं. ही अट मलाही पटत नाही, पण ती देशभर सगळ्यांना सारखीच होती.

राग काढायचाच तर कंपनीवर काढा. हे काम महापालिकेने थेट केलं नाही, राज्य आणि महापालिका निम्मे-निम्मे मालक असलेल्या वेगळ्या कंपनीने केलं, आणि त्यातच 2020 च्या सुरुवातीला नगरसेवकांची मुदत संपली ती पुढची निवडणूक थेट जुलै 2022 ला, तोवर प्रशासक. ऐन काम चालू असताना वॉर्डातल्या माणसाने विचारायचं कुणाला? मिशन मार्च 2025 ला संपलं, पण निम्मी मालकी महापालिकेची आहे, तेव्हा कुठल्या कामाला किती लागले आणि त्याची देखभाल आता कोण करणार हे आपल्या नगरसेवकाला परिषदेत विचारायला लावा, ते फॉरवर्ड करा.