सेकंड सर्व्हर 2006 मध्येच गेला

नमस्कार काका,

'जुना खेळाडू, म्हापसा' एवढीच सही केलीत म्हणून काका म्हणतोय. वयाने लहान निघालात तर सोडून द्या. बॅडमिंटनवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. जाळीची उंची चुकली. डबल्समध्ये दोघांनाही सर्व्हिस मिळते, ते मी गाळलं. आणि नेटला लागून पलीकडे गेलेली सर्व्हिस 'लेट' (म्हणजे गुण न धरता पुन्हा सर्व्हिस) असताना मी ती चालू धरली. वर 'आधी खेळून या, मग लिहा' आहेच.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. 1.55 मीटर ही उंची खांबांपाशी, मध्यभागी 1.524. मी सरसकट 1.55 लिहून मोकळा झालो. खरं तर ही चूक मी तरी करायला नको होती. आमच्या अंगणात माड आणि चिऱ्याचा खांब यांच्यामध्ये बांधलेली जाळी एकदा सुताराच्या टेपने मोजली, तर मध्ये 1.46 भरली. दोरी रोज थोडी थोडी सैल होत गेली आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. भाचा महिनाभर ज्या स्मॅशच्या बढाया मारत होता, त्यातले बरेचसे त्या सहा सेंटिमीटरांची कृपा होते.

दुसऱ्या मुद्द्यात तुम्ही सांगताय ते खोटं नाही, जुनं आहे. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळायचा, डबल्सचा गेम 15 चा असायचा, आणि एकाची सर्व्हिस गेली की पंच 'सेकंड सर्व्हर' पुकारायचे, म्हणजे आता त्याच्या जोडीदाराची पाळी. प्रकाश पदुकोण 1980 मध्ये आणि गोपीचंद 2001 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकले, ते सर्व्हिस असेल तरच गुण याच हिशेबाने. 2006 मध्ये 21 चा गेम आला: प्रत्येक रॅलीला गुण, जोडीला सर्व्हिस एकच. रॅली गेली की गुणही समोर, सर्व्हिसही समोर.

आता उभं कुठे राहायचं? आमच्या हॉलमध्ये अर्धी भांडणं यावरच होतात. समजा आम्ही 4, ते 3. आमचा आकडा सम, म्हणून उजवीकडचा भाचा सर्व्हिस करतो. रॅली गेली; 4-4. त्यांचाही आकडा सम, त्यांचा उजवीकडचा सर्व्हिस करतो. आम्ही जागा बदलायच्या नाहीत! भाचा इथेच हटकून डावीकडे पळतो. ती रॅली आम्ही घेतली, आम्ही 5. विषम, म्हणजे डावीकडून, आणि डावीकडे मी उभा आहे, म्हणून सर्व्हिस माझी. तीही जिंकली तर 6-4. आता मी उजवीकडे, भाचा डावीकडे, सर्व्हिस पुन्हा माझीच. समोरचे जिथल्या तिथे. जागा बदलते ती फक्त स्वतःच्या सर्व्हिसवर गुण मिळवणारी जोडी. तनिषा क्रास्टो ही गोव्याशी नातं असलेली मुलगी. तिच्या डबल्सची एखादी मॅच लावा आणि शटल सोडून नुसते पाय बघा.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. नेटच्या पट्टीला लागून योग्य चौकोनात पडणारी सर्व्हिस बॅडमिंटनमध्ये चालते, खेळ थांबत नाही. 'लेट' टेबल टेनिसमध्ये होतो, टेनिसमध्येही. एकाच क्लबात बॅडमिंटन आणि टेबल टेनिस दोन्ही खेळणाऱ्यांच्या डोक्यात ते मिसळतं, माझ्याही मिसळलं होतं. एक बारकावा आहे: सर्व्हिसचं शटल नेटच्या माथ्यावर अडकून राहिलं किंवा पलीकडे जाऊन जाळीत गुंतलं तर फॉल्ट, म्हणजे गुण समोरच्यांना. हेच सर्व्हिस परतवल्यानंतर, चालू रॅलीत झालं तर लेट. तुमच्या आठवणीतला लेट कदाचित हाच असेल.

जाता जाता, सर्व्हिसची उंचीही सरकली आहे. पूर्वी कमरेखाली, म्हणजे ज्याची त्याची कंबर. 2018 पासून मोठ्या स्पर्धांत सगळ्यांना जमिनीपासून 1.15 मीटर. उंच खेळाडू तेव्हा चांगलेच कुरकुरले. आमच्याकडे ती पट्टी लावणारं कुणी नाही, त्यामुळे आम्ही कमरेवरच भागवतो.

राहता राहिलं 'खेळून या'. आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळतो, बहुतेकदा हरतो. ज्या हॉलमध्ये खेळतो तिथे बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनच्या रेषा एकमेकींवर मारलेल्या आहेत. रेषेवर पडलेलं शटल आत धरतात हे सगळ्यांना मान्य, पण ती रेषा कुठल्या खेळाची यावर दर वेळी वाद.

जाळीचा आकडा मूळ लेखात आजच दुरुस्त केला आहे. नेटला लागलेल्या सर्व्हिसचा परिच्छेद तसाच ठेवला आहे.