हातमोजे कोणी घालायचे?

आई-बाबा साताऱ्याहून आले की त्यांना हॉटेलात ठेवायचं नाही, हे मी केव्हाच ठरवलं होतं. म्हणून अठ्ठावीस फुटी आरव्ही, म्हणजे बिछाने, ओटा आणि संडास असलेली फिरत्या घरासारखी गाडी, भाड्याने घेतली आणि फीनिक्सहून निघून अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात, दरीच्या दक्षिण कड्यावर, ट्रेलर व्हिलेज नावाच्या आरव्ही पार्कात चार रात्री मुक्काम केला. दक्षिण कड्यावर उद्यानाच्या हद्दीत राहून आपल्या जागेवरच वीज, पाणी आणि सांडपाणी, तिन्हींची जोडणी मिळते ती इथेच. आज लिहितेय ते पोचल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांबद्दल, कारण तेव्हा आमच्या घरात जे बोलणं झालं ते डोक्यातून जात नाहीये.

आरव्ही घेऊन जाणाऱ्या सगळ्यांना आधी एक कळकळीची विनंती. उजेड असताना पोचा. फीनिक्स ते कडा सुमारे ३७० किलोमीटर, पण वाटेत साडेतीनशे मीटर उंचीवरून एकवीसशे मीटरवर चढायचं असतं. मोटारीला चार तास लागत असतील तर या धुडाला पाच-सहा धरा. ऑक्टोबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. अंधारात, थंडीत, मोबाईलच्या उजेडात नळ्या जोडताना माणसं एकमेकांवर खेकसतात आणि सहल तिथेच नासते. आम्ही साडेतीनला पोचलो. जागा आरपार होती, म्हणजे एका बाजूने आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने निघायचं, त्यामुळे मागे घेण्याची कसरत वाचली.

गाडी थांबल्याबरोबर खुर्च्या काढून बसायचं नाही. आधी गाडी पाणसळीत, म्हणजे सगळीकडून एका पातळीत, आणायची. इथे बाबा खुलले. आयुष्य बांधकामावर गेलेलं. पाणसळ फोनमध्ये असते यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून त्यांनी ताटलीत पाणी घेऊन ती ओट्यावर ठेवली आणि मला सांगितलं, "उजवं मागचं चाक दोन बोटं खाली आहे." चाकाखाली प्लॅस्टिकचे ठोकळे सरकवले, गाडी पुढे-मागे केली, ताटलीतलं पाणी काठाला समांतर झालं. हा नुसता झोपेच्या सुखाचा प्रश्न नाही. गॅसवर चालणाऱ्या आरव्हीच्या फ्रीजमध्ये अमोनिया आपल्या वजनाने खाली वाहतो. गाडी फार कलती राहिली तर तो वाहायचा थांबतो आणि फ्रीज कायमचा बिघडू शकतो.

मग वीज. खांबावरचा ब्रेकर आधी बंद, मग सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून गाडीला वाचवणारा), मग वायर, मग ब्रेकर चालू. आमची गाडी ३० अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट. हीटर, मायक्रोवेव्ह आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकदम लावली की अंधार. आईला एकदाच सांगितलं. तिने लगेच क्रम लावला, आधी चहा, मग बाकीचं. (फोडणी मात्र बाहेर, टेबलावर छोटी शेगडी मांडून करा. आतला धुराचा अलार्म मोहरी तडतडायचीसुद्धा वाट पाहत नाही.)

पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडू नका, काही ठिकाणी दाब इतका असतो की गाडीच्या आतले सांधे सुटतात. नळी काढायला मी गाडीच्या पोटातला कप्पा उघडला आणि आई किंचाळली. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी आणि संडासाच्या टाकीची जाड तपकिरी नळी, दोन्ही एकाच कप्प्यात, एकीवर एक गुंडाळून ठेवलेल्या. भाड्याने देणाऱ्यांनी दिल्या त्या अशाच. आई म्हणाली, "पिण्याच्या नळीला त्या नळीचा वारासुद्धा लागता कामा नये." आणि ती शंभर टक्के बरोबर होती. जुने आरव्हीवालेही हेच सांगतात. दोन्हींचे कप्पे वेगळे, हातमोजे वेगळे. जवळच्या दुकानातून नवी पांढरी नळी आणली तेव्हाच नळाला हात लावला.

मग उरली ती तपकिरी नळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आरव्हीच्या पोटात दोन टाक्या असतात. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी ग्रे टँकमध्ये, संडासाचं ब्लॅक टँकमध्ये. नळी जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाला जोडायची, पण ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. टाकी दोन-तृतीयांश भरली की उघडायचा, मग त्यामागून ग्रे टँकचं साबणाचं पाणी सोडायचं, म्हणजे नळी धुतली जाते. पहिल्या सहलीत मी तो व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता. पातळ ते वाहून गेलं, घट्ट ते टाकीच्या तळाशी साचून वाळलं. ते सुटायला दोन दिवस गरम पाणी ओतत होतो.

मी हातमोजे चढवले तेव्हा बाबा पुढे आले. "तू कशाला? इथे या कामाला कोणी माणूस नसतो का? पैसे देऊ."

बाबा वाईट माणूस नाहीत. आम्हा दोघी बहिणींना इंजिनिअर करणारा बाप आहे तो. पण ते वाक्य इतकं सहज आलं की मी हातातली नळी घेऊन तशीच उभी राहिले. शेजारच्या जागेवर सत्तरीच्या एक बाई एकट्याच आल्या होत्या. गुडघ्यावर बसून त्या हेच काम करत होत्या, हातमोजे घालून, गुणगुणत. आरव्ही पार्कात डॉक्टर असो की ट्रक चालवून निवृत्त झालेला माणूस असो, आपली टाकी ज्याची त्याने रिकामी करायची. सोसायटीत साठ वर्षं राहून जे शिकता येत नाही ते इथे तासाभरात समोर दिसतं.

आपल्याच मंडळींच्या ग्रुपवर मी वाचलंय, आरव्ही सहलीची आखणी चाललेली असते. गाडी कोण चालवणार, पोहे कोण करणार, पत्ते कोण आणणार. टाकीचं नाव निघालं की सगळे गप्प. एकाने तर लिहिलं होतं, संडास वापरायचाच नाही, पार्कातल्या बाथरूममध्ये जायचं. लाखाची गाडी भाड्याने घ्यायची आणि तिच्या संडासाला कुलूप लावायचं! ही किळस नुसती वासाची नाही. वासाची असती तर तान्ह्या बाळाचे लंगोट आपण धुतले नसते. हे काम आपलं नाही, ते करणारे लोक वेगळे, ही शिकवण आहे ती. समुद्र ओलांडला तरी ती सामानात येते.

गांधीजींचे कोकणातले अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचं काम मला द्या म्हणून उपोषण केलं. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही असं तुरुंगाचं म्हणणं होतं. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. हाताने मैला उचलायला लावणं बंद करणारा कायदा देशात २०१३ सालीही पुन्हा नव्याने करावा लागला, आणि गटारात उतरून माणसं आजही मरतात. मी ही तुलना हलकेपणाने करत नाही. माझ्या हातात मोजे होते, नळी होती, एक दांडा ओढायचा होता. त्या कामात आणि या कामात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण एवढंही आपल्याला कमीपणाचं वाटावं?

हे सगळं मी बाबांना तिथेच बोलले. थोडं चढ्या आवाजातच. ते गप्प झाले आणि कड्याकडे फिरायला गेले.

संध्याकाळी मी विषय बदलायला पाण्याचं सांगितलं. आपल्या नळाला येणारं पाणी दरीच्या पलीकडच्या रोअरिंग स्प्रिंग्जमधून येतं, वीसेक किलोमीटरच्या पाइपलाइनने, दरी ओलांडून. ती लाइन जुनी झालीये. २०२४ च्या ऑगस्टअखेर ती इतकी फुटली की दक्षिण कड्यावरची मुक्कामाची हॉटेलं काही दिवस बंद ठेवावी लागली. या कड्यावर पाण्याची ओढ पहिल्यापासूनचीच, म्हणून इथे १९२६ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात, पूर्वी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांनाही तेच देत. बाबांनी विचारलं, "म्हणजे आपलंही तिकडेच जाणार?" हो म्हटलं. मग बराच वेळ ते ती यंत्रणा कशी असेल यावरच बोलत राहिले.

आई मात्र तेव्हा काहीच बोलली नाही. बाबा झोपल्यावर, आत हीटर लावून आम्ही दोघी बसलो होतो. बाहेर झाडीत एल्क (तिथलं मोठं हरीण) ओरडत होता. आई म्हणाली, तिच्या माहेरच्या वाड्यात टोपलीचा संडास होता. ती टोपली उचलायला मागच्या बोळातून रोज पहाटे एक बाई यायची. आजी तिला वरून भाकरी टाकायची, हाताला हात लागू नये म्हणून. पाऊस असो, दिवाळी असो, ती यायचीच. आईच्या लग्नापर्यंत यायची.

"तिचं नाव काय होतं?" मी विचारलं.

आई आठवत राहिली. मग म्हणाली, "आम्ही कधी विचारलंच नाही गं."