'अभ्यास करून लिहावं' म्हणणाऱ्यांना उत्तर

निनावी साहेब (किंवा बाई, नावच नाही तर कळणार कसं),

परवडणाऱ्या टूरिंग सायकलीला स्टीलचीच फ्रेम घ्या, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं: आराम टायरमुळे मिळतो, फ्रेममुळे नाही, स्वस्तातलं स्टील म्हणजे हाय-टेन (साधं कार्बन स्टील), ते अल्युमिनियमपेक्षा जड, आणि 'गावातला वेल्डर स्टील जोडून देतो ही ऐकीव गोष्ट. आधी अभ्यास करावा, मग लिहावं.'

टायरचं मान्य. 28 मिमीच्या जागी 40 चा टायर टाकला की पाठ वाचते, ते लिहायचं राहून गेलं. झालं समाधान?

आता 'ऐकीव'. हा शब्द वापरण्याआधी निदान विचारायचं तरी होतंत. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि गुहागरच्या अलीकडे एका चढावर मागून खडखडाट सुरू झाला. मागच्या एक्सलजवळ कॅरियरचा बोल्ट बसतो तो फ्रेमचा कान मोडलेला. (स्टीलच मोडलं की, असं म्हणाल. म्हणा.) सामान सुतळीने बांधून सायकल ढकलत गाव गाठलं. गेट-ग्रिलवाल्याने आर्क वेल्डिंगचा होल्डर उचलला, नळीवर नखाने टिचकी मारली आणि 'पातळ आहे, भोक पडेल' म्हणून खाली ठेवला. माझी फ्रेम जुनी, वापरलेली घेतलेली, पण 4130 क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील), नळ्या पातळच. मग त्याने गॅस पेटवला आणि पितळेची कांडी वितळवून कान बसवला. पितळ स्टीलच्या बऱ्याच आधी वितळतं, त्यामुळे नळीला धक्का नाही. वीतभर रंग जळाला, चहा होईपर्यंत काम झालं. हा अभ्यास त्या माणसाने कुठे केला होता, देव जाणे.

हेच 6061 जातीच्या अल्युमिनियमचं असतं तर? त्याला टिग वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात करतात ते) लागतं. शिवाय ते जमलं तरी जोडाशेजारचा धातू मऊ पडतो; त्याची ताकद परत आणायला फ्रेम भट्टीत घालून पुन्हा हीट ट्रीटमेंट द्यावी लागते. ती भट्टी तुम्ही पॅनियरमध्ये (कॅरियरला अडकवायच्या पिशवीत) घालून नेता का?

वजनाबद्दल लिहीत नाही. वीस किलो सामान लादून कुंभार्ली घाट चढणाऱ्याने फ्रेमच्या किलोभरावरून भांडू नये.

पितळेची पिवळी रेघ आजही रंगाखालून दिसते. बघायची असेल तर या, चहा पाजीन. नाव तेवढं आधी कळवा.