शेअर फोल्डरचा 'शंभर टक्के चालणारा' मेसेज

'शेअर केलेला फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडत नाही? फायरवॉल बंद करा, एसएमबी १ चालू करा, फोल्डरला एव्हरीवन - फुल कंट्रोल द्या, पासवर्डवालं शेअरिंग बंद करा. शंभर टक्के चालतं.' रत्नागिरीपासून मालवणपर्यंत आंबा बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय.

कधीकधी चालतं, हे खरं. सगळीच कुलपं काढून फेकली की दार उघडणारच. पण अडकलं होतं कुठे, ते कळत नाही.

फायरवॉलचं, म्हणजे नेटवर्कवरून येणारी नको ती जोडणी अडवणाऱ्या भिंतीचं घ्या. वळवाच्या पावसात वीज कडाडली, राउटर गेला, नवा बसवला. विंडोजच्या लेखी हे नवं नेटवर्क. ते बहुधा 'पब्लिक', म्हणजे सार्वजनिक ठिकाणचं, धरलं जातं आणि पब्लिकवर फाइल शेअरिंग बंद असतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' करा, काम झालं. फायरवॉलला हात लावायची गरज नाही. राउटर बदलल्यावर कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांकही बदलू शकतो, त्यामुळे डेस्कटॉपवरचा जुना शॉर्टकट नुसताच चाचपडत बसतो. दिवे जाऊन आल्यावरही हे होऊ शकतं. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला, की ही कटकट संपते.

एसएमबी म्हणजे विंडोजचे कॉम्प्युटर फाइल शेअर करताना ज्या भाषेत बोलतात ती, आणि १ ही तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. ती चालू करणं म्हणजे तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर ती आपापसात एसएमबी ३ वर बोलतात. १ चालू केल्यानं काही बदलत नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या एसएमबी १ मधल्या भोकातून शिरला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मधून ते काढत आणलं. एखादा जुन्या विंडोज एक्सपीवाला डबा किंवा जुनाट स्कॅनर असेल तरच त्याचा प्रश्न येतो.

मग लोकांना एसएमबी १ हवंसं का वाटतं? 'नेटवर्क'च्या यादीत शेजारचा कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून. पण यादीत नाही म्हणजे पोचता येत नाही, असं नव्हे. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन पुढे थेट आयपी पत्ता टाका. फोल्डर उघडला, तर बिघाड फक्त नावाचा किंवा यादीचा. 'पाथ सापडला नाही' आलं तर रस्ता अडलाय: पब्लिक-प्रायव्हेट बघा, अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल बघा. पासवर्ड मागितला किंवा 'ॲक्सेस डिनाइड' म्हटलं, तर रस्ता ठीक आहे, भांडण परवानगीचं आहे.

आणि इथेच हा मेसेज खरा घातक आहे. तारकर्लीतलं एखादं होमस्टे घ्या. वायफायचा पासवर्ड काउंटरवरच चिकटवलेला, पाहुणे आणि ऑफिस एकाच राउटरवर. शेअर फोल्डरात बुकिंगचं रजिस्टर आणि पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या कॉप्या. पासवर्ड काढून एव्हरीवनला फुल कंट्रोल दिलंत की खोलीत लोळत पडलेला कुणीही ते वाचू शकतो, पुसूही शकतो. एवढं करून काम होईलच असंही नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश मुळातच अडवलेला आहे, त्यामुळे शेअरिंगचा पासवर्ड काढणं हेच फोल्डर न उघडण्याचं कारण होऊन बसतं.

पासवर्ड टाकूनही आत घेत नाही, ही तक्रार नेहमीची. बहुतेक जण तिथे पिन टाकतात! पिन त्याच कॉम्प्युटरपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यालाही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं तिथे, जुनाच बसलेला असतो. तो काढून टाका. सोपं म्हणजे फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवर शेअरिंगसाठी वेगळं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या 'शेअरिंग' व 'सिक्युरिटी' या दोन्ही टॅबमध्ये त्याच खात्याला परवानगी द्या. दोहोंत जी कडक, तीच लागू होते. एका टॅबमध्ये दिली आणि दुसरीत विसरली, की ॲक्सेस डिनाइड.

पाहुण्यांसाठी राउटरमधलं गेस्ट नेटवर्क, म्हणजे ऑफिसपासून वेगळं वायफाय, चालू करा, बऱ्याच राउटरांत ते असतं. काउंटरचा लॅपटॉप मात्र त्याला जोडू नका. तिथून ऑफिसचा फोल्डर उघडणार नाही, आणि तो बिघाड नव्हे.