ताई, नाव कुठलं टाकू?

आम्ही क्रिप्टोचा कोड तपासतो, त्याला ऑडिट म्हणतात. आज दुपारी टीममधल्या नव्या मुलीचा मेसेज आला. "ताई, ऑडिटच्या स्पर्धेसाठी प्रोफाइल बनवतेय. खरं नाव टाकू, की असं काहीतरी टाकू की मुलगा आहे का मुलगी ते कळणारच नाही?"

मी लगेच लिहिलं, "आद्याक्षरं टाक. फोटो नको लावूस." पाठवायच्या बटणावर बोट होतं, ते तिथेच राहिलं. सात वर्षांपूर्वी मला हेच सांगितलं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. सांगणारीही बाईच होती, आणि काळजीपोटीच सांगत होती. मी ते वाक्य खोडलं. दुसरं काही सुचेना. संध्याकाळपर्यंत कोडची एक ओळ लिहून झाली नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

माझा तो विथड्रॉचा किस्सा तुमच्यातल्या काहींनी ऐकलाय. बाकीच्यांसाठी सांगते. ब्लॉकचेनवर कर्ज देण्याघेण्याचा एक प्रोटोकॉल होता, त्याची स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट्स, म्हणजे ठरल्याप्रमाणे आपोआप पैसे हलवणारे प्रोग्राम, तपासायचं काम माझ्याकडे होतं. तिथे मी आद्याक्षरांनीच वावरत होते. पहिले दोन महिने माझी प्रत्येक कमेंट बिनतक्रार मान्य व्हायची. "थँक्स ब्रो." "सर, बरोबर आहे तुमचं, बदलतो." मग एकदा सगळ्यांचा कॉल झाला, मी कॅमेरा चालू केला आणि हॅलो म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात ते विथड्रॉ फंक्शन, म्हणजे पैसे काढून देणारा कोड, माझ्यापुढे आलं. त्यात पैसे आधी बाहेर जात होते आणि खात्यातली शिल्लक त्याच्या खालच्या ओळीत कमी होत होती. या दोन ओळींच्या मधल्या फटीत, पैसे घेणारं कॉन्ट्रॅक्ट उलटून पुन्हा विथड्रॉला हाक मारू शकतं. वहीत शिल्लक अजून तेवढीच दिसते, म्हणून पुन्हा पैसे मिळतात. मग पुन्हा. तिजोरीचा तळ लागेपर्यंत. याला रीएंट्रन्सी म्हणतात आणि ही काही गूढ विद्या नाही. १७ जून २०१६ रोजी इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या द डाओ नावाच्या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे तिथलं चलन, याच फटीतून गेले. ते परत मिळवण्यासाठी जुलैमध्ये हार्ड फोर्क करावा लागला, म्हणजे साखळीचे नियमच बदलावे लागले, साखळी दुभंगली, इथेरियम क्लासिक तेव्हाच वेगळं झालं. आमच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मी कमेंट टाकली. दोन ओळींची अदलाबदल करा, वर गार्डही लावा, म्हणजे पहिली हाक संपेपर्यंत दुसरी आत येऊ न देणारं कुलूप. उत्तर आलं, "गार्ड आधीच आहे. कृपया पूर्ण कोड वाचून मग कमेंट करावी."

गार्ड होता. तो डिपॉझिट फंक्शनवर होता, विथड्रॉवर नव्हता. पूर्ण कोड मी तीनदा वाचला होता. ओळ क्रमांकासकट पुन्हा लिहिलं. कुणीतरी 'रिझॉल्व्ह्ड' दाबून धागा बंद केला. चार दिवसांनी कॉलवर एका सहकाऱ्यानं तेच सांगितलं, तीच फट, तोच उपाय. "भारी पकडलंस!" सगळे खूश. तो बिचारा दोनदा म्हणाला की ही कमेंट हिची आहे, मी फक्त वाचून दाखवतोय. तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.

हॅंडल तेच, कोड तोच, मी तीच. मधे फक्त एक हॅलो झालं होतं.

आता कुणी म्हणेल, एका प्रसंगावरून सगळ्या क्षेत्राला का झोडपतेस? पुरुषांच्या कमेंटही बंद होतात. होतात, मान्य. पण तुम्ही सगळे मला ओळखता. हे एकदाच घडलं असतं तर इतक्या वर्षांनी आज माझे हात थरथरले नसते.

आमच्या जगाचं एक ब्रीद आहे, विश्वास ठेवू नका, तपासून बघा. बँकेवर नको, सरकारवर नको, माणसावर नको, गणितावर ठेवा. मी या ब्रीदासाठीच इथे आले. मला ते आजही खरं वाटतं, अगदी मनापासून. पण रोज बघते ते काय? आम्हा बायकांचं प्रत्येक वाक्य दोनदा तपासलं जातं आणि आत्मविश्वासानं बोलणाऱ्या पुरुषावर डोळे मिटून विश्वास ठेवला जातो. एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजकडे मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी पैसे ओतले, हिशोब नीट बघायला कुणी बसलं नाही. २०२२ मध्ये ते बुडालं तेव्हा यांना कळलं की तपासायचं राहिलंच होतं. त्याचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राइडला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. तिथे कुणी म्हणालं का, "कृपया पूर्ण हिशोब दाखवून मग बोलावे"?

हो, रुजा इग्नातोव्हा बाईच होती. वनकॉइन या बनावट क्रिप्टो चलनाच्या नावावर लोकांना लुबाडून २०१७ मध्ये गायब झाली. मला दर वेळी तिचं नाव ऐकवतात. तिचा मला तुमच्याइतकाच राग आहे. पण तिच्यामुळे सगळ्या बायका संशयित आणि सॅममुळे एकही पुरुष नाही, हा कुठला हिशोब?

आणि "बायका या क्षेत्रात उशिरा आल्या" हे तर मला ऐकवत नाही. आज ज्याला त्याला झेडके रोलअप बांधायचेत, म्हणजे ढीगभर व्यवहार एकत्र बांधून ते बरोबर असल्याचा एकच पुरावा साखळीवर ठेवायचाय. त्याच्या मुळाशी असलेला शून्य-ज्ञान पुरावा, म्हणजे गुपित न सांगता ते आपल्याकडे आहे हे सिद्ध करणं, १९८५ मध्ये ज्या तिघांनी मांडला त्यात शफी गोल्डवासर होती. बिटकॉइनचा जन्म २००९चा. चोवीस वर्षं आधी! २०१७ मध्ये आयोटा या क्रिप्टो चलनाच्या घरगुती हॅश फंक्शनमधली, म्हणजे माहितीचा ठसा काढणाऱ्या गणितातली, कमजोरी उघडी पाडणाऱ्या गटात नेहा नरुला होती. २०२२ मध्ये ग्लोरिया झाओ बिटकॉइन कोअरची, म्हणजे बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरची, मेंटेनर झाली, बदल मंजूर करणाऱ्यांपैकी एक, त्या यादीतली पहिली बाई. पहिली, २०२२ मध्ये, तेरा वर्षांनी. मला आनंद झाला होता त्या दिवशी आणि रडूही आलं होतं.

सुधारणा झालीच नाही असं म्हणणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये मायामीच्या बिटकॉइन परिषदेत ८४ पुरुष वक्ते होते आणि ३ बायका, आणि अधिकृत पार्टी स्ट्रिप क्लबात ठेवली होती. आता तसं करायला कुणी धजावणार नाही. बरं झालं. पण त्या पार्टीवर बोट ठेवता आलं, ती दिसत होती. 'रिझॉल्व्ह्ड'चं बटण कुणाला दिसतं?

आणि दिसलं तरी तक्रार कुणाकडे करायची? ज्याला आपण विकेंद्रित म्हणतो ना, त्याचा हाही एक अर्थ आहे. मॅनेजर नाही, एचआर नाही, ऑफिसचा पत्ता नाही. डिस्कॉर्डवर कुणी रात्री दोनला घाणेरडे मेसेज पाठवले तर मॉडरेटर त्याला ब्लॉक करतो, तो दहा मिनिटांत नव्या नावानं हजर. कामावर जवळजवळ सगळेच काँट्रॅक्टर. पगाराचा मोठा भाग टोकनमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या स्वतःच्या क्रिप्टो चलनात, तोही चार वर्षांत हळूहळू सुटणारा, आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत हातात काहीच नाही. माझी एक मैत्रीण कामाच्या अकराव्या महिन्यात बाळंतपणाच्या सुटीवर गेली. सुटी कसली, काँट्रॅक्टच संपवलं. अकरा महिने रात्रीचे कॉल करून, पोटात बाळ घेऊन टेस्ट लिहून तिला एक टोकन मिळालं नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये तारीख लिहिली होती, कोड तारखेप्रमाणे चालला. कोडची चूक नाहीच. ती तारीख ठरवताना खोलीत कोण कोण बसलं होतं, एवढंच मला विचारायचंय.

कारण खोलीत कोण बसलंय त्यानं फरक पडतो. एका क्रिप्टो वॉलेटच्या चर्चेत हल्लेखोरांची यादी चालली होती. हॅकर, फिशिंग, एक्स्चेंज बुडणं. मी विचारलं, हल्लेखोर घरातच राहत असेल तर? ज्याला फोनचा पासवर्ड माहीत आहे, ज्याला वॉलेट उघडणारे ते बारा शब्द कुठल्या डायरीत लिहिलेत ते माहीत आहे? "ती एज केस आहे," म्हणजे क्वचितच घडणारी गोष्ट, असं उत्तर आलं. ज्या बाईचा फोन रोज रात्री कुणीतरी उघडून बघतं, तिच्यासाठी ती एज केस नाही, तो तिचा मंगळवार आहे, बुधवार आहे. विश्वासातल्या तीन-चार माणसांच्या मदतीनं वॉलेट परत मिळवता येण्याची सोय आता आलीये, तिला सोशल रिकव्हरी म्हणतात. त्या माणसांत नवरा आपोआप पहिला धरला जाऊ नये, हे कुणाला तरी सुचायला हवं ना. बायकांनाच सुचतं असं नाही. पण त्या दिवशी त्या खोलीत दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. टोपणनावाबद्दल एक सांगायचं राहिलं.

मला टोपणनाव आवडतं. बिटकॉइन बनवणारं सातोशी हे टोपणनाव कोणाचं, हे आजही जाहीर नाही, तरी काम जगापुढे आहे, ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा केवढी सुंदर वाटली होती. पण बोलायला लागलो की सगळे म्हणतात, सातोशी गायब झाला. 'झाला', 'झाली' नाही. मीही तसंच म्हणते. आपल्या भाषेत तर लपायला जागाच नाही. इंग्रजीत महिनोन्महिने कळत नाही, मराठीत "मी बघते" म्हटलं की संपलं. ते पहिले दोन महिने मी इंग्रजीच्या आडोशाला होते. सुरक्षित वाटायचं, खोटं नाही सांगत. शाबासकी मिळायची ती मात्र त्या कुणा ब्रोला मिळायची. तो मी नव्हते.

निवड म्हणून टोपणनाव घेणं वेगळं आणि चिलखत म्हणून घालणं वेगळं. दुपारी माझं बोट अडलं ते इथे. तिनं हौसेनं विचारलं असतं तर मी दहा नावं सुचवली असती. तिनं घाबरून विचारलं होतं. बावीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिनं ऑरॅकलच्या, म्हणजे बाहेरच्या किमती कोडला पुरवणाऱ्या सोयीच्या, किमतीतला एक घोळ पकडला, तो माझ्याही नजरेतून सुटला होता.

आत्ता पोस्ट लिहिण्याआधी तो जुना धागा उघडून बघितला. माझी कमेंट आहे तिथेच. तारीख, वेळ, ओळ क्रमांक, सगळं जसंच्या तसं. खाली 'रिझॉल्व्ह्ड'. त्याचा स्क्रीनशॉट तिला पाठवला आणि लिहिलं, उद्या फोनवर बोलू, नाव तूच ठरव, पण ठरवण्याआधी हे वाच. तिनं अजून बघितलेलं नाही.

उद्या अकराला तिचा पहिला मोठा रिव्ह्यू आहे. मला त्या कॉलचं बोलावणं नव्हतं, मी मागून घेतलंय. कॅमेरा चालू ठेवून बसणार आहे, आणि तिची एकही कमेंट उत्तराशिवाय बंद होऊ देणार नाही.