"एकही सीजीआय शॉट नाही" म्हणे!

हल्ली कुठलाही मोठा हॉलिवूड पिक्चर यायचा असला की रिलीजच्या आधी एक ठरलेला व्हिडिओ येतो. हिरो घामाघूम, डायरेक्टर टोपी घालून उभा, मागे काहीतरी पेटलेलं, आणि सगळे एका सुरात सांगतायत की आम्ही सगळं खरं केलंय, सीजीआय (म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं) नाही, कॉम्प्युटर नाही की बिम्प्युटर नाही. मग आपल्याकडच्या सिनेमाच्या पेजेसवर तो शेअर होतो आणि खाली कमेंट्स, "याला म्हणतात मेहनत", "नाहीतर आपले लोक बसलेत ग्रीन स्क्रीनसमोर". मी पोटापाण्यासाठी हेच काम करतो, आधी रोटो (कडा आखून वेगळं करणं), मग पेंट (नको ते पुसणं), आता कंपोझिटिंग (तुकडे एकावर एक बसवणं), त्यामुळे या कमेंट्स वाचून हसूही येतं आणि डोकंही फिरतं.

'टॉप गन मॅव्हरिक' घ्या. २०२२ मध्ये तो आला तेव्हा जगभर हवा हीच होती की इथे सगळं ओरिजिनल आहे. आणि काही गोष्टी खरंच ओरिजिनल आहेत, त्याबद्दल सलामच. नट मंडळी खरोखर एफ-१८ या लढाऊ विमानाच्या मागच्या सीटवर बसली, कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे लावले होते, वळताना चेहरे ओढले जातात ते अ‍ॅक्टिंग नाहीये, तो विमानाच्या वळण्याचा जोर आहे, जी-फोर्स. पण त्याच पिक्चरमध्ये व्हीएफएक्सचे (म्हणजे शूटिंगनंतर चित्रात बदल केलेले) साधारण २४०० शॉट्स आहेत! सुरुवातीचं ते काळं, भन्नाट वेगाचं विमान, त्याचं फुल साईज मॉडेल बनवलं होतं हे खरं, पण ते उडतं कॉम्प्युटरमध्ये. शत्रूची विमानं कॉम्प्युटरमधली. शेवटी ते जुनं एफ-१४ घेऊन पळतात ना, ते हवेत गेल्यावर कॉम्प्युटरमधलं, कारण अमेरिकन नौदलाने ती विमानं २००६ लाच रिटायर केलीत, उडवणार काय? बऱ्याच ठिकाणी खरं एफ-१८ उडवून शूट केलं आणि नंतर आर्टिस्ट लोकांनी त्याच्यावर दुसऱ्या विमानाचं रूप चढवलं. पुढच्या वर्षी पिक्चरला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर नॉमिनेशन पण मिळालं. म्हणजे ऑस्करवाल्यांना दिसलं, पण प्रमोशनवाल्यांना नाही दिसलं, गंमत आहे.

आता इथेच लोकांचा मोठा घोळ होतो. त्यांना वाटतं एकतर खरं असतं नाहीतर कॉम्प्युटरचं असतं, आणि दोघांची कुस्ती चाललीय. असं नसतं हो. तो खरा एफ-१८ उडाला म्हणूनच वरचं खोटं विमान खरं वाटतं, कारण ऊन कुठून पडतं, कॅमेरा किती थरथरतो, पंख कसा कलतो हे सगळं आर्टिस्टला त्या शूटिंगमधून आयतं मिळतं, त्याला नुसतं शोधायचं आणि जुळवायचं असतं. आम्ही तर देवाकडे हेच मागतो की बाबा शूटवर काहीतरी खरं ठेवा, निदान एक खोका तरी ठेवा त्या जागी, म्हणजे सावली कशी पडते ते कळेल. प्रॅक्टिकल इफेक्टचा, म्हणजे सेटवर खरोखर केलेल्या करामतीचा, सगळ्यात मोठा फॅन तुम्हाला व्हीएफएक्सच्या ऑफिसमध्येच भेटेल, लिहून घ्या.

'मॅड मॅक्स फ्युरी रोड'चं पण तेच. २०१५ पासून लोक छातीठोकपणे सांगतात की त्यात काहीच सीजीआय नाही. नामिबियाच्या वाळवंटात गाड्या खऱ्या पळवल्या, खऱ्या आपटल्या, त्या लवचिक खांबांवर माणसं खरी झुलली. मान्य, हजार वेळा मान्य! पण दोन हजाराच्या आसपास शॉट्सना कॉम्प्युटरचा हात लागलाय. ते भलंमोठं वादळ कुणी नामिबियात ऑर्डर देऊन मागवलं नव्हतं. आणि नायिकेचा डावा हात कोपराखाली नाहीये, तो हात शूटिंगला होता की, हिरवा मोजा घालून. प्रत्येक शॉटमधून तो कुणीतरी बसून पुसलाय.

पुसणं म्हणजे काय हे जरा सांगतो, कारण "कॉम्प्युटर करतो" हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२०. रोटोवाला प्रत्येक माणसाची, हाताची, बोटांची कड त्या १२० फ्रेममधून चालवत नेतो, केस उडत असतील तर बोंबलाच. मग पेंटवाला हात, वायर, क्रेन, जे काय असेल ते काढतो आणि त्या जागी मागे जे दिसलं असतं ते भरतो, पण ते तर कॅमेऱ्याने बघितलेलंच नसतं ना, मग दुसऱ्या फ्रेममधून उचला, जुळवा, ग्रेन (चित्रातले बारीक कण) मॅच करा. हे रफूचं काम आहे, चांगलं जमलं तर कुणाला कळतच नाही की इथे भोक होतं. २०२३ च्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये टॉम क्रूझने नॉर्वेच्या कड्यावरून बाईक खरोखर फेकली, पठ्ठ्याने स्वतः उडी मारली. पण तो उडाला बांधलेल्या रॅम्पवरून, आणि पिक्चरमध्ये रॅम्प दिसत नाही, खडक दिसतो. बाईकवाल्याला टाळ्या द्याच, पण खडकवाल्याला निदान अर्धी तरी?

उलट्या बाजूचा गैरसमज पण तितकाच मजेशीर आहे. 'टर्मिनेटर २' मधला तो पातळ धातूचा पोलीस, १९९१ चा. सगळ्यांना वाटतं तो म्हणजे कॉम्प्युटर. पण कॉम्प्युटरचे शॉट्स मिळून काही मिनिटांचेच आहेत. गोळी लागल्यावर छातीवर ती चंदेरी फुलं उमलतात ना, ती स्टॅन विन्स्टन या प्रॅक्टिकल इफेक्टवाल्याच्या लोकांनी बनवलेली, नटाच्या कपड्यात लपवलेली, खटका दाबला की उघडणारी. हॉस्पिटलमधला गार्ड स्वतःचीच कॉपी बघतो तो सीन तर सगळ्यात भारी, तिथे कसलीच ट्रिक नाही, दोन जुळे भाऊ उभे केलेत. शेवटी नायिका साराच्या दोन प्रती दिसतात, तिथे तिचं काम करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनची सख्खी जुळी बहीण आहे.

आणि 'जुरासिक पार्क'. १९९३. अख्ख्या पिक्चरमध्ये डायनोसॉर दिसतात जेमतेम पंधराएक मिनिटं आणि त्यात कॉम्प्युटरचे सहाएक. बाकी विन्स्टनचे यांत्रिक प्राणी. पावसातल्या सीनला त्या अवाढव्य टी-रेक्सची फोमची कातडी पाणी प्यायची, वजन वाढून धूड थरथरायला लागायचं आणि मग टॉवेल घेऊन पुसत बसायचे. पण मला यातला आवडता माणूस फिल टिपेट. हा बाहुल्यांना एकेक फ्रेम हलवून जिवंत करणारा उस्ताद, धावणारे डायनोसॉर आधी तोच करणार होता. मग कॉम्प्युटरवाल्यांची टेस्ट बघितली आणि तो म्हणाला की आता माझीच जात नामशेष झाली. तुम्हाला वाटेल इथे गोष्ट संपली, माणूस हरला मशीन जिंकलं. तर नाही! त्याला ठेवूनच घेतलं. सेन्सर लावलेला डायनोसॉरचा एक सांगाडा बनवला, टिपेटचे लोक तो जुन्या सवयीने हाताने हलवायचे आणि ती हालचाल थेट कॉम्प्युटरमध्ये जायची. प्राणी चालताना वजन कुठल्या पायावर टाकतो हे त्या बाहुलीवाल्यांना माहीत होतं, कॉम्प्युटरवाल्यांना शिकावं लागलं. ऑस्करच्या नावांत विन्स्टनही होता आणि टिपेटही. आता सांगा, हा इफेक्ट कुठल्या खात्यात टाकायचा?

आपल्याकडे 'तुंबाड'ची चर्चा अशीच होते. लोक विचारतात ती झाडाच्या मुळांत अडकलेली आजी व्हीएफएक्स आहे का. आत माणूस आहे, मेकअप चढवलेला, आणि तो माणूस म्हणजे नायकाचा मुलगा पांडुरंग झालेला तोच छोटा मोहम्मद समद! हस्तर या राक्षसामध्ये मात्र मेकअप आणि कॉम्प्युटर दोन्ही आहेत. बघताना कुणाला फरक पडला? मला तर नाही.

मग "सीजीआय भिकार असतं" हे आलं कुठून? सोपं आहे, जे फसतं तेच तुम्हाला दिसतं. 'फॉरेस्ट गम्प'मध्ये लेफ्टनंट डॅनचे पाय पुसलेत, ३० वर्षं झाली, कोणी म्हणतं का "काय घाण व्हीएफएक्स"? 'झोडियाक'मध्ये रक्त कॉम्प्युटरचं आहे, कारण डायरेक्टरला दर टेकला कपडे धुवून सुकवत बसायचं नव्हतं. ते तुम्ही मोजतच नाही.

बरं, फसलेलं काम आहेच, ढिगाने आहे, मी आमच्या धंद्याची वकिली करायला बसलो नाहीये. २०११ चा 'द थिंग' आठवा, बिचाऱ्या कारागिरांनी मस्त रबरी राक्षस बनवले, शूट केले, आणि नंतर वरून हुकूम आला की यावर कॉम्प्युटरवाले चढवा. वाट लागली. पण तिथे दोष कॉम्प्युटरचा की शूटिंग झाल्यावर विचार बदलणाऱ्यांचा? आमच्याकडे येणारी निम्मी संकटं हीच असतात. सेटवर ठरवलं नाही, "बघू पोस्टमध्ये" (म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात) म्हणून सोडून दिलं, रिलीजची तारीख आधीच पोस्टरवर छापली. मराठी ऐतिहासिक पिक्चरच्या ट्रेलरखाली जे शिव्या घालतात ना, त्यांना एकच विचारायचंय, त्या टीमला वेळ किती मिळाला हे कधी विचारलंत? 'आदिपुरुष'चा टीझर २०२२ च्या ऑक्टोबरात आला, लोकांनी धुतला, आणि रिलीज जानेवारीवरून जूनवर गेलं. पाच महिने वाढवून पण काय झालं ते आपण बघितलंच, कारण मुळातली डिझाईनच पटली नव्हती, रेंडर (कॉम्प्युटरकडून पक्कं चित्र काढणं) कितीही करा.

आता जो मुद्दा मला खरं तर बोलायचा होता तो. "सीजीआय नाही" हे वाक्य नुसतं खोटं नाही, त्यात माणसं गायब होतात. 'ओपेनहायमर'च्या वेळी डायरेक्टर नोलनने सांगितलं की अणुस्फोट सीजीआयशिवाय केलाय. पेट्रोल, प्रोपेन, अ‍ॅल्युमिनियमची पावडर, मॅग्नेशियम वापरून खरे स्फोट शूट केले, आणि ते तुकडे एकावर एक बसवून मोठा स्फोट उभा केला. एकावर एक बसवणं म्हणजेच कंपोझिटिंग, म्हणजे व्हीएफएक्स. पण इंटरनेटवर त्याचं झालं "पिक्चरमध्ये व्हीएफएक्सच नाही". काम डीएनईजी या व्हीएफएक्स कंपनीचं, आणि रिलीजनंतर बातम्या आल्या की त्यांच्या बऱ्याच लोकांची नावं क्रेडिट्समध्येच नाहीत. नाव कापण्याची पद्धत इंडस्ट्रीभर आहे, यादी छोटी ठेवायची असते म्हणे. ड्रायव्हर, केटरिंग सगळे असतात (असायलाच पाहिजेत), रोटोवाल्याला जागा पुरत नाही. रोटो, पेंट, मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये जुळवणं) हे काम मोठ्या प्रमाणात भारतात येतं, गोरेगाव-मालाडच्या ऑफिसांत, हैदराबादला, चेन्नईला. डीएनईजीच्या मागची कंपनी प्राईम फोकस तर मुंबईतलीच. हिरवा हात पुसणारा पोरगा शेवटची विरार पकडून घरी जातो आणि सकाळी मोबाईलवर वाचतो की यात कॉम्प्युटर वापरलाच नाही.

आणि 'लाईफ ऑफ पाय'. तो वाघ ऱ्हिदम अँड ह्यूज या व्हीएफएक्स कंपनीने केला, त्यांची मुंबई आणि हैदराबादला ऑफिसं होती. या धंद्यात शॉटचा रेट आधी ठरतो, मग समोरचा बदल सांगत राहिला तरी वाढीव खर्च बहुतेक कंपनीच्याच बोडक्यावर. २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात पिक्चरला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. बाहेर रस्त्यावर व्हीएफएक्सवाले निदर्शनं करत होते. आत स्टेजवर ते ऑस्कर घेणाऱ्या बिल वेस्टेनहोफरने कंपनीच्या हालाचा विषय काढला तर 'जॉज'चं म्युझिक वाजवून त्याचा माईक बंद केला. डायरेक्टरला पण ऑस्कर मिळालं, त्याच्या भाषणात व्हीएफएक्स आर्टिस्टचा वेगळा उल्लेख नव्हता.

आमच्या नात्यातले एक काका अजूनही दर वेळी भेटले की विचारतात, त्या वाघाला बोटीवर ट्रेन कसा केला रे. काका, काही थोड्या शॉट्समध्ये वाघ खरा आहे, पण मुलाबरोबर बोटीत तो कधीच नव्हता. बाकीचा सगळा आमच्या जातभाईंनी केलाय, एकेक केस धरून.